जुनी नाणी : धुवायचे नाणे की हात?

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत गोव्यातील जुन्या घरांतून एखादी कापडी थैली किंवा गंजलेला पत्र्याचा डबा हमखास बाहेर निघतो. आत पोर्तुगीज अमदानीतील चांदीचे रुपिये असतात, तांब्याचे पाव तांग असतात, १९५८ नंतर आलेली एस्कुदो आणि सेंताव्हूंची मोड असते. डबा उघडताच कुबट दर्प येतो, बोटे काळी-हिरवी होतात आणि घरातील कोणीतरी चिंच आणायला स्वयंपाकघराकडे वळते. नाण्याचे खरे नुकसान बहुधा इथेच सुरू होते.

आधी वासाविषयी. नाणे हाताळल्यावर येणारा तो ओळखीचा ‘धातूचा’ वास वस्तुतः धातूचा नसतो. लोखंड हाताळल्यावर येणाऱ्या वासाचे विश्लेषण २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. घामामुळे धातूचे कण विरघळतात, त्वचेवरील स्निग्ध द्रव्यांशी त्यांची क्रिया होते आणि ऑक्टेनोनसारखी संयुगे क्षणार्धात तयार होतात, असे त्यात आढळले. तांबे-पितळेच्या बाबतीतही असेच घडते. ऑक्टेनोनचा वास अळंबीच्या जातीचा. पावसाळ्यात रोवणावरच्या अळंबीसाठी जीव टाकणाऱ्या गोमंतकीयांना ही सोयरीक गमतीची वाटेल. थोडक्यात, तो वास आपल्याच हाताचा असतो. डब्यातील कुबटपणा मात्र वेगळा. तो बुरशीचा, कुजलेल्या कापडाचा, क्वचित डांबराच्या गोळ्यांचा असतो आणि थैली बदलली की बराचसा निघून जातो.

नाण्यांवर रोगजंतू असतात का? चलनात फिरणाऱ्या नाण्यांवर असतात. तथापि तांब्याच्या स्वच्छ पृष्ठभागावर अनेक जिवाणू काही तासांतच मरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक म्हणून अधिकृत मान्यताही दिली. पण तेलकट मळाचा थर मध्ये असला की जंतूंचा धातूशी संपर्कच येत नाही. शिवाय माळ्यावरच्या डब्यात उंदरांची घाण आणि बुरशीची धूळ असते. म्हणून डबा मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून उघडावा, कापडी थैली झटकू नये आणि मधेच डोळे चोळू नयेत. अस्सल चांदी ओळखण्यासाठी नाणे दातांखाली धरण्याची जुनी खोड सोडलेली बरी. लहान मुलाने नाणे गिळले, तर घरगुती उपाय न करता थेट डॉक्टरांकडे न्यावे.

नाण्यावरचा प्रत्येक डाग म्हणजे घाण नव्हे. तांब्यावर चढलेला गुळगुळीत तपकिरी किंवा गडद हिरवा थर धातूचे एक प्रकारे रक्षणच करतो. चांदीवरचा काळेपणा म्हणजे हवेतील गंधकामुळे बनलेले सल्फाइड. काळजी वाटावी ती फिकट हिरव्या, भुसभुशीत, पुसली तरी पुन्हा उगवणाऱ्या पुटकुळ्यांची. खाऱ्या हवेतील क्लोराइड तांब्यात शिरते, दमट हवेत त्यातून आम्ल तयार होते, आम्ल आणखी तांबे खाते आणि हे चक्र चालूच राहते. समुद्रकाठच्या घरांत हा धोका अधिक. असे नाणे इतरांपासून लगेच वेगळे करून कोरड्या जागी ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे.

चिंच, कोकमाची सोले, लिंबू-मीठ यांनी तांब्याची समई लखलखते, हे खरे. पण त्यांतील आम्ल मळाबरोबर रक्षक थर आणि धातूचा सूक्ष्म पापुद्राही नेते, तर राखेने चरे पडतात. राजाचा चेहरा, साल, अक्षरांच्या कडा एकदा झिजल्या की परत येत नाहीत. असे चमकवलेले नाणे संग्राहक एका नजरेत ओळखतात आणि किंमत पाडतात. लक्ष्मीपूजनातील पंचामृताचेही तेच. ज्या घरात तांब्याच्या भांड्यात दही ठेवत नाहीत, त्याच घरात तांब्याच्या नाण्यावर दह्याचा अभिषेक होतो! पूजेसाठी एखादे साधे, चालू नाणे वेगळे ठेवणे हा सोपा मार्ग.

शिशाच्या नाण्यांना वेगळा नियम लागू होतो. सातवाहनांनी शिशाची नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली आणि ती आजही संग्रहांत आढळतात. त्यांवर पांढरी भुकटी दिसली, तर ती विषारी समजावी. घासू नये, फुंकू नये, हातमोजे घालूनच हाताळावे. मुले व गरोदर स्त्रियांनी ती हाताळूच नयेत.

मग करायचे काय? नाणे कडेने धरावे, खाली मऊ कापड अंथरावे. सुटी माती असेल तर चांदी-तांब्याचे नाणे डिस्टिल्ड पाण्यात काही वेळ बुडवून ठेवावे आणि न घासता, सुती कापडाने टिपून कोरडे करावे. चिकट तेलकटपणा शुद्ध अ‍ॅसिटोनने निघतो आणि धातूला इजा होत नाही. मात्र ते झटकन पेट घेते, तेव्हा हे काम देवघरातल्या निरांजनाजवळ नको. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून कालांतराने हिरवट चिकटा सुटतो, म्हणून पॉलिएस्टरची पाकिटे घ्यावीत आणि डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी. पावसाळ्यात ती ओलावा शोषून निकामी होते, म्हणून अधूनमधून बदलावी लागते. आणि काम आटोपल्यावर, जेवायला बसण्यापूर्वी, साबणाने नखांपर्यंत स्वच्छ धुवायचे ते स्वतःचे हात.