सेमीफायनल किंवा प्लेऑफचं तिकीट मोबाईलवरून काढताय? आधी हे वाचा



१५ नोव्हेंबर २०२३. भाऊबीज होती. मी वडिलांबरोबर बारामतीहून इंदापूरला आत्याकडे गेलो होतो. त्याच दिवशी दुपारी दोन वाजता वानखेडेवर वर्ल्ड कपची भारत-न्यूझीलंड सेमीफायनल होती. माझा आतेभाऊ मॅचला जाणार म्हणून त्याने चार दिवस सगळ्या भावकीत सांगून ठेवलं होतं. आम्ही पोचलो तर हा घरातच. विचारलं तर म्हणाला, "डोकं दुखतंय."

कोहलीचं वन-डेतलं पन्नासावं शतक झालं. शमीने सात विकेट काढल्या. भारत ७० धावांनी जिंकला, गल्लीत फटाके वाजले. आणि हा पठ्ठ्या आतल्या खोलीत मोबाईल पालथा ठेवून बसलेला. रात्री गच्चीवर मला खरं सांगितलं. दोन तिकिटांचे १२ हजार गेले होते, आणि ते परत मिळवताना आणखी ६ हजार. पहिले १२ हजार आत्याच्या दुधाच्या पगारातले होते.

तिकीट कसं काढायचं हे सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. पण ही सगळी यंत्रणा आतून कशी चालते हे त्याला माहीत असतं, तर ते १८ हजार वाचले असते. म्हणून हा लेख. त्याला विचारूनच लिहितोय.

तिकीट आधी विकतात, टीम नंतर ठरतात

साध्या मॅचला कोण खेळणार हे माहीत असतं. बाद फेरीचं तसं नसतं. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये सेमीफायनल आणि फायनलची तिकिटं १५ सप्टेंबरला रात्री आठ वाजता खुली झाली. स्पर्धा सुरू झाली ५ ऑक्टोबरला! म्हणजे तिकीट घेणाऱ्याला भारत सेमीफायनलला जाईल का, हेच माहीत नव्हतं. शिवाय ठरलं असं होतं, की भारत पोचला तर मॅच मुंबईत, पण समोर पाकिस्तान आला तर कोलकात्यात.

आयपीएलमध्ये पण तेच. दहा टीममधल्या वरच्या चार प्लेऑफला जातात. क्वालिफायर १, एलिमिनेटर, क्वालिफायर २ आणि फायनल अशा चार मॅच होतात. तुम्ही तिकीट घेता ते मॅचचं, टीमचं नाही. मैदानसुद्धा बदलू शकतं. २०१८ मध्ये प्लेऑफच्या दोन मॅच आपल्या गहुंजेला होणार होत्या, त्या कोलकात्याला गेल्या. २०२५ ची फायनल कोलकात्याला ठरली होती, ती झाली अहमदाबादला.

म्हणून पैसे भरायच्या आधी रिफंडचा नियम वाचा. मॅच रद्द झाली, मैदान बदललं किंवा पाऊस आला तर काय, हे तिथेच लिहिलेलं असतं.

आणखी एक. तिकिटं एकदम सुटत नाहीत, टप्प्याटप्प्याने सुटतात. त्या वर्ल्ड कपच्या बाद फेरीची शेवटची तिकिटं ९ नोव्हेंबरला रात्री आठला आली होती. पहिल्या दिवशी "सोल्ड आउट" दिसलं म्हणजे सगळं संपलं असं नसतं.

मोबाईलवरची रांग कशी चालते?

एकाच मिनिटाला लाखो लोक आले तर सर्व्हर बसेल. म्हणून साइट आधी एक वेटिंग रूम लावते. अशा बऱ्याच साइटवर विक्री सुरू व्हायच्या आधी आलेल्या सगळ्यांना एकत्र धरतात आणि वेळ झाली की चिठ्ठी काढल्यासारखे नंबर वाटतात. त्यामुळे चार तास आधी येऊन बसलात म्हणून नंबर पुढे लागेलच असं नाही. पण विक्री सुरू झाल्यावर आलात तर मात्र शेवटी जाता.

तुमचा नंबर ब्राउझरमध्ये एका छोट्या टोकनने लक्षात ठेवलेला असतो. पेज रिफ्रेश केलं, इन्कॉग्निटोमध्ये उघडलं किंवा ब्राउझर बदलला तर ते टोकन जाऊ शकतं. मी स्वतः ही माती खाल्ली आहे. १५ सप्टेंबरला पेज हलेना म्हणून तीनदा रिफ्रेश मारलं आणि नंबर घालवून बसलो.

त्यामुळे एवढं करा:

• आदल्या दिवशीच लॉगिन करा. नाव, मोबाईल नंबर, पत्ता भरून ठेवा.
• विक्रीच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पेज उघडा आणि तिथेच थांबा.
• बॅटरी सेव्हर बंद ठेवा, स्क्रीन बंद होऊ देऊ नका.
• घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मोबाईलवर, त्याच्या लॉगिनने, वेगळ्या नेटवरून प्रयत्न करा. एकाच फोनवर चार टॅब उघडून उपयोग नाही.
• सीट निवडली की ती काही मिनिटंच तुमच्या नावावर लॉक असते. "कुठला स्टँड घेऊ?" ही चर्चा आधीच उरकून घ्या.

आणि हो, बजेट करताना टॅक्स धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावर ४० टक्के जीएसटी आहे. मूळ तिकीट १,००० रुपयांचं असेल तर १,४०० लागतात. बुकिंग चार्ज वेगळा.

पैसे कटले, तिकीट आलं नाही?

घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी "माय बुकिंग्ज" बघा, मग बँकेचा मेसेज. यूपीआयने दुकानदाराला किंवा साइटला पैसे भरताना खात्यातून कटले पण समोर कन्फर्म झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर बँकेने दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. व्यवहाराचा यूटीआर नंबर जपून ठेवा, तक्रारीला तोच लागतो.

क्यूआर म्हणजे तिकीट नव्हे

इथेच माझा आतेभाऊ फसला. ९ तारखेला रात्री त्याला तिकीट मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन धनत्रयोदशीला, सोशल मीडियावरच्या एका पेजवर "दोन एक्स्ट्रा तिकीट" दिसली. समोरच्याने क्यूआर असलेल्या तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवला. स्टँडचं नाव, सीट नंबर, लोगो, सगळं जिथल्या तिथे. याने पैसे टाकले.

आता समजून घ्या. क्यूआरमध्ये फक्त एक नंबर किंवा मजकूर असतो. तो खरा आहे की खोटा, हे चित्राकडे बघून कळत नाही. गेटवरचं मशीन तो नंबर यादीत शोधतं. सापडला आणि आधी वापरलेला नसला तरच आत सोडतं. म्हणजे खरा क्यूआर असला तरी त्याचा स्क्रीनशॉट दहा जणांना विकता येतो. जो आधी पोचला तो आत, बाकीचे नऊ बाहेर. अमेरिकेतल्या फुटबॉलच्या प्लेऑफला म्हणूनच तिकीट अ‍ॅपमधूनच दुसऱ्याच्या खात्यात ट्रान्सफर करतात, आणि तिथल्या बऱ्याच तिकिटांवरचा बारकोड सारखा बदलत राहतो. स्क्रीनशॉट चालतच नाही.

आणि सगळ्यात वाईट भाग. २०२३ च्या वर्ल्ड कपला ई-तिकीट नव्हतंच! कागदी तिकीट हातात असल्याशिवाय प्रवेश नाही, हे बीसीसीआयने काही महिने आधीच जाहीर केलं होतं. ऑनलाईन बुकिंग केलं तरी तिकीट कुरिअरने मागवायचं किंवा केंद्रावर जाऊन घ्यायचं. एवढा एक नियम वाचला असता, तर तो स्क्रीनशॉट बघताक्षणी खोटा ठरला असता.

म्हणून प्रत्येक स्पर्धेच्या वेळी एक प्रश्न आधी विचारा: गेटवर काय दाखवायचं आहे? अ‍ॅपमधलं तिकीट, कागदी तिकीट की ओळखपत्रसुद्धा? उत्तर अधिकृत साइटवरच शोधा. साइटचा पत्ता स्वतः टाईप करा, फॉरवर्ड आलेल्या लिंकवरून जाऊ नका.

पैसे घ्यायला पिन लागत नाही

दुसऱ्या दिवशी त्याला शंका आली. त्याने पैसे परत मागितले. समोरचा गोड बोलून म्हणाला, "रिफंड करतो, हा क्यूआर स्कॅन कर आणि पिन टाक." याने टाकला. ६ हजार गेले.

हे पाठच करून ठेवा: यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. तिकीट असो, जुना मोबाईल विकणं असो की रिफंड. पिन मागितला की समजायचं, पैसे आपल्याच खात्यातून निघालेत.

फसलात तर पहिला तास महत्त्वाचा

१९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाईन नंबर आहे. ऑनलाईन तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येते. तक्रार लवकर गेली तर पैसे ज्या खात्यात गेलेत तिथे ते गोठवता येतात. उशीर झाला की ते एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जातात, नाहीतर एटीएममधून काढले जातात. यूटीआर नंबर, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि चॅट तयार ठेवा. चॅट डिलीट करू नका. आपल्या बँकेलाही लगेच फोन करा.

आम्ही त्या रात्री गच्चीवरूनच १९३० लावला. तक्रार नोंदवली गेली. पण पैसे जाऊन पाच दिवस झाले होते. परत काही आलं नाही.

मॅचला जायच्या आधी

इंदापूर-बारामतीकडच्या पोरांसाठी एक वेगळी गोष्ट. रात्रीची मॅच संपून बाहेर पडेपर्यंत बारा वाजतात. गहुंजे असो की वानखेडे, परतीची सोय तिकिटाबरोबरच ठरवा. एक दिवस जास्तीचा धरा. २०२३ ची आयपीएल फायनल २८ मे रोजी पावसाने झालीच नाही, २९ तारखेला राखीव दिवशी सुरू झाली आणि मध्यरात्रीनंतर संपली. ज्यांनी कागदी तिकीट सांभाळून ठेवलं होतं, त्यांना त्याच तिकिटावर दुसऱ्या दिवशी प्रवेश होता.

शेवटचं

मी त्याला विचारलं, "अरे, त्याच दिवशी मला फोन का नाही केलास?" तो म्हणाला, "दादा, सगळ्यांना सांगून बसलो होतो ना, मॅचला चाललोय म्हणून."

लाजेपोटी ते पाच दिवस गेले, आणि पैसे परत मिळायची जी काही आशा होती तीही त्यात गेली. आत्याला सांगितलं तेव्हा ती रागावली, पण तासाभराने तिनेच ताट वाढून त्याला हाक मारली. फसवणूक कोणाचीही होते, माझीही होऊ शकते. तुमच्याबाबतीत झालं तर आधी १९३० लावा आणि घरात सांगा. लाजायचं नंतर बघू.