विकतची हरळी आणि बांधावरची हरळी

हरळी म्हटली की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. नांगराने उलटावी, कुळवून गोळा करावी, उन्हात वाळवून जाळावी, तरी एक पेर मातीत राहिले की पावसाळ्यात पुन्हा हजर! तीच हरळी हल्ली लादीच्या रूपाने टेम्पोतून येते आणि आपण ती पैसे मोजून घेतो. पिरनवाडी-मच्छे भागात नवी घरे होत आहेत, तशी अंगणात हिरवळ करण्याची हौसही वाढली आहे. हौसेला आमचा विरोध नाही; पण पैसा आणि पाणी वाया जाऊ नये.

आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे. चर्चच्या आवारासाठी एका वर्षी एप्रिलमध्ये लाद्या आणल्या. गडी वेळेवर आले नाहीत, म्हणून त्या दोन दिवस एकावर एक रचून वर ताडपत्री टाकली. ऊन लागू नये हा आमचा शहाणपणा! तिसऱ्या दिवशी थप्पीत हात घातला, तर आत शेणखताच्या ढिगासारखी ऊब लागली. मधल्या साऱ्या लाद्या पिवळ्या पडल्या होत्या. कापलेले गवत जिवंत असते, श्वास घेते. थप्पीतली ऊब बाहेर जायला वाट नसली की ते शिजते. म्हणून आधी जमीन तयार करावी, मगच लाद्या मागवाव्यात आणि आल्या त्याच दिवशी अंथराव्यात.

जमीन अर्धा फूट खणून दगड काढावेत. लव्हाळ्याच्या गाठी एकेक वेचाव्यात. लादीखाली राहिलेली गाठ महिन्याभरात वर डोके काढते आणि मग ती काढताना लादीच उचकटते. चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कच्चे शेण घालू नये, त्याने हुमणी आणि वाळवी येते. घराच्या भिंतीकडून बाहेर थोडा उतार ठेवावा, नाहीतर पाणी साचून डासांची सोय होते. आमच्याकडच्या तांबड्या मातीतून पाणी लवकर झिरपते. निपाणीकडच्या काळ्या रानात उलट अडचण आहे: पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. तिथे निचऱ्याची सोय आधी पाहावी.

भुई ओली करून लाद्या विटांच्या बांधकामासारख्या सांधमोड करून लावाव्यात. कडा एकमेकींना घट्ट भिडवाव्यात, फटीत वाळू-माती भरावी आणि धुमसाने हलके चोपावे. लादी आणि माती यांच्यामध्ये पोकळी राहिली, तर मुळे हवेतच वाळतात. लगेच भरपूर पाणी द्यावे. पहिले दोन आठवडे लादी सुकू देऊ नये. उन्हात रोज, गरज पडल्यास दोनदा पाणी द्यावे. दहा-बारा दिवसांनी कोपरा हळूच उचलून पाहावा. उचलला जात नसेल, तर मुळे धरली. तेथून पुढे पाण्याच्या पाळ्या लांबवाव्यात, पण प्रत्येक पाळी खोल द्यावी. रोजच्या शिंपडण्याने मुळे वरच राहतात आणि पहिल्याच कडक उन्हात गवत मान टाकते. पहिली कापणी तीन इंच वाढल्यावर करावी. एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक कापू नये.

आता पाण्याचा हिशेब. दहा फूट लांब, दहा फूट रुंद तुकड्याला एक इंच पाणी म्हणजे सुमारे २३५ लिटर, म्हणजेच पंधरा लिटरच्या सोळा घागरी. उन्हाळ्यात आठवड्याला निदान एवढे लागते. ज्या घरी मे महिन्यात टँकरची वाट पाहतात, त्यांनी हिरवळ करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. करायचीच असेल तर मृगाच्या पहिल्या सरींनंतर, किंवा पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबरमध्ये करावी. आंब्याच्या दाट सावलीत मात्र हरळी कधीच धरत नाही. तिथली जागा झाडून स्वच्छ ठेवावी.

विकतची लादी परवडत नाही म्हणून काही जण बांधावरची हरळी फावड्याने खरवडून आणतात. हे फार महागात पडते. भाताच्या खाचराचा बांध मातीचा असला, तरी ती माती विणून धरतात हरळीची मुळे आणि तिची धावती खोडे. ती काढली की जुलैच्या एका रात्रीत बांध फुटतो, खालच्या भावाच्या रोपावर चिखल बसतो आणि पुढे वर्षभर बोलणे बंद होते. ज्यांच्याकडे लादी वाढवण्यासाठी कोणी शेत मागत असेल, त्यांनीही विचार करावा. लादीबरोबर मातीही जाते. एका एकरावरून दोन सेंटिमीटर थर गेला, तर ती सुमारे ८० घनमीटर माती झाली. वजनाने शंभर टनांच्या आसपास. ती आपल्या शेताची सर्वांत कसदार माती असते. बदल्यात गाळ आणि खत घालण्याचा करार होत नसेल, तर भाड्याच्या रकमेला भुलू नये.

गरिबाला दुसरा मार्ग आहे. भांगलणीत निघालेली हरळी फेकू नये. दोन-तीन पेरांचे तुकडे करून, चार-चार बोटांवर ओल्या मातीत टोचावेत. पावसाळ्यात दोन-तीन महिन्यांत अंगण भरते, खर्च फक्त मजुरीचा.

महिन्या-दीड महिन्याने युरिया द्यायचा असल्यास अगदी थोडा, चौरस मीटरला दहा ग्रॅम, तोही ओल्या जमिनीवर द्यावा व लगेच पाणी सोडावे. त्या दिवसांत शेळ्या-गुरे तिकडे फिरकू देऊ नयेत आणि उरलेली पिशवी गोठ्यापासून दूर ठेवावी. युरिया पोटात गेल्यास जनावर काही तासांतच दगावू शकते.