लोहगांवचीं लिबरेटर विमानें

चाकणच्या वाटेवरील कुरुळी गांवाच्या आग्नेयेस, कांहीं मैलांवर, लोहगांवचा विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं, १९३९ सालीं, मुंबई बंदराच्या संरक्षणार्थ तो उभारण्यांत आला. आज तेथें प्रवासी आणि लष्करी अशी दोन्ही प्रकारची वाहतूक चालते. परंतु स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत याच तळावर चार इंजिनांचीं जीं अवजड विमानें उतरत असत, त्यांचें नांव आतां फारसें कोणाच्या तोंडीं नाहीं. त्यांना ‘लिबरेटर’ म्हणत. जगांत आज शिल्लक असलेल्या मोजक्या लिबरेटर विमानांपैकीं कित्येक भारतीय विमानदलाच्या सेवेंतून गेलेलीं आहेत. धनाढ्य राष्ट्रांनीं जें मोडीत काढलें, तें एका नवस्वतंत्र आणि गरजू राष्ट्राच्या हातीं टिकलें. हें कसें घडलें, तें समजून घेण्यासारखें आहे.

लिबरेटर हें अमेरिकन बाँबफेकी विमान. त्याचें पहिलें उड्डाण २९ डिसेंबर १९३९ रोजीं सान डिएगो येथें झालें. त्याच्या पंखांचा एकूण विस्तार ११० फूट असून प्रत्येकीं सुमारें १,२०० अश्वशक्तीचीं चार इंजिनें त्यास असत. पंख लांबट, चिंचोळे आणि धडाच्या वरच्या बाजूस बसविलेले. त्यामुळें थोड्या इंधनांत दूरचा पल्ला गांठतां येई आणि पंखांखालीं बाँब ठेवण्यास ऐसपैस जागा मिळे. बाँबच्या कोठाराचे दरवाजे खालीं लोंबत उघडत नसत. दुकानाच्या लोखंडी शटराप्रमाणें ते धडाच्या बाजूनें वर सरकत, म्हणजे वाऱ्याचा अडथळा कमी होई. युद्धकाळांत अशीं १८,००० हून अधिक विमानें बांधलीं गेलीं. फोर्ड कंपनीच्या विलो रन येथील कारखान्यांत तर ऐन भराच्या काळीं तासाला एक विमान तयार होत असे.

या लांब पल्ल्यामुळेंच लिबरेटरचें महत्त्व वाढलें. उत्तर अटलांटिक महासागराच्या मध्यभागीं किनाऱ्यावरील विमानें पोंचत नसत, आणि नेमक्या त्याच टापूंत जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजें बुडवीत. लिबरेटर विमानांनीं ती उणीव भरून काढली. पूर्वेकडे बंगालमधील तळांवरून हीं विमानें ब्रह्मदेशांत व सयामांत जपान्यांच्या रेल्वेमार्गांवर आणि बंदरांवर हल्ले करीत. अमेरिकन तुकड्यांप्रमाणेंच ब्रिटिश विमानदलाच्या तुकड्याही तीं वापरीत. युद्धाच्या अखेरीस एक ब्रिटिश तुकडी हिंदी महासागरांतील कोकोस बेटांवरही जाऊन राहिली होती.

ऑगस्ट १९४५ मध्यें युद्ध संपलें, आणि एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. ब्रिटिशांकडील लिबरेटर विमानें ‘लेंड-लीज’ या अमेरिकन उसनवारीच्या व्यवस्थेंतून आलेलीं होतीं. युद्ध संपतांच तीं परत करावीं, त्यांचें मोल द्यावें, नाहीं तर तीं नष्ट करावीं, असा व्यवहार होता. परत घेण्याची अमेरिकेस गरज नव्हती. मोल देण्याची ब्रिटनची ऐपत नव्हती. म्हणून हिंदुस्थानांतील पुष्कळ विमानें कानपूरजवळील चकेरीच्या तळावर गोळा करण्यांत आलीं आणि पुन्हां उडूं नयेत अशा बेतानें त्यांची मोडतोड करून तीं उघड्यावर टाकून देण्यांत आलीं. पावसाळे आले आणि गेले. भोंवतीं गवत माजलें.

१९४८ सालीं स्वतंत्र भारताच्या विमानदलास जड बाँबफेकी विमानांची निकड भासली. नवीं विकत घेण्याइतका पैसा हातीं नव्हता. तेव्हां बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यास विचारणा झाली, आणि कारखान्याच्या माणसांनीं चकेरीस जाऊन हा ढीग तपासला. ज्यांचा सांगाडा धड होता तीं विमानें निवडावयाचीं, एकाचा सुटा भाग काढून दुसऱ्यास बसवावयाचा, आणि निदान एका उड्डाणापुरतें तरी विमान सिद्ध करावयाचें, असा तो क्रम होता. पूर्ण दुरुस्ती बंगळूरास व्हावयाची होती. पण तेथें जाण्यासाठीं अशा अर्धवट सांधलेल्या विमानांतून सुमारें ९०० मैल उडत जाणें प्राप्त होतें. कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनीं हें काम अंगावर घेतलें. एक-दोन नव्हे, चाळीसच्या आसपास विमानें त्यांनीं अशा रीतीनें बंगळूरास सुखरूप नेलीं. कारागिराच्या हाताइतकीच वैमानिकाची छातीही येथें कसास लागली.

या विमानांवर नोव्हेंबर १९४८ मध्यें विमानदलाची पांचव्या क्रमांकाची तुकडी उभी राहिली. पुढें १९५१ च्या आरंभीं सहाव्या क्रमांकाची तुकडी पुण्यास नव्यानें उभारली गेली, आणि लोहगांवाहून उडून अरबी समुद्रावर टेहळणी करणें हें तिचें मुख्य काम झालें. १९५७ नंतर बाँबफेकीचें काम ‘कॅनबेरा’ या जेट विमानांकडे गेलें, तरी समुद्रावरील पहारा लिबरेटरांनींच चालविला. १९६८ सालीं तीं निवृत्त झालीं. मोडीत निघालेल्या यंत्रांनीं वीस वर्षें राष्ट्राची चाकरी केली!

तोंपर्यंत इतरत्र काय झालें होतें? अमेरिकेंत हजारों लिबरेटर विमानें वितळवून त्यांचें अॅल्युमिनियम विकलें गेलें होतें. म्हणून संग्रहालयांस जेव्हां या विमानाची आठवण झाली, तेव्हां त्यांना भारताकडे पाहावें लागलें. १९६८ सालीं एक विमान कॅनडास गेलें. १९६९ सालीं एक पुण्याहून उडत अमेरिकेंतील अॅरिझोना प्रांतांत पोंचलें. त्याच्या नाकाडावर ‘पिमा पैसा’ असें गमतीदार नांव रंगविलें होतें. कोकोस बेटांवरील ब्रिटिश तुकडींत असलेलें एक विमान भारतानें १९७४ सालीं ब्रिटनला भेट दिलें, आणि तें आज तेथील विमानदलाच्या संग्रहालयांत आहे. बंगळूरास अनेक वर्षें पडून राहिलेलें आणखी एक विमान १९८० नंतर प्रथम इंग्लंडांत व मग अमेरिकेंत गेलें. तेथें दुरुस्त होऊन १९८९ पासून तें पुन्हां आकाशांत दिसूं लागलें.

कॅनडाशीं झालेला व्यवहार विशेष लक्षांत ठेवण्याजोगा आहे. लिबरेटरच्या मोबदल्यांत भारतानें पैसा मागितला नाहीं, ‘लायसँडर’ जातीचें एक जुनें विमान मागितलें. १९४१ सालीं भारतीय विमानदलाच्या पहिल्या तुकडीस जीं लायसँडर विमानें मिळालीं, त्यांस मुंबईकरांच्या देणगीचा हातभार होता. मूळचीं तीं सैन्याच्या मदतीचीं, संथ गतीचीं विमानें. परंतु फेब्रुवारी १९४२ मध्यें ब्रह्मदेशांत त्यांनाच बाँब अडकवून मजुमदार आणि त्यांचे सोबती जपानी तळांवर चाल करून गेले. त्या जातीचें एकही विमान भारतांत राहूं नये, ही गोष्ट विमानदलास रुचली नसावी.

आज दिल्लीनजीक पालमच्या संग्रहालयांत लायसँडर आणि लिबरेटर हीं दोन्हीं विमानें ठेवलेलीं आहेत. कुरुळी-चाकणच्या पट्ट्यांत, जेथें रोज नवीं यंत्रें घडतात, तेथील मुलांना हीं विमानें दाखवितांना त्यांचा केवळ वेग आणि भार सांगून भागणार नाहीं. वस्तु वापरांत असते तोंवर तिची निगा राहते. वापर संपला कीं ती भंगारवाल्याची होते. त्या दोहोंच्या मधल्या थोड्याशा अवधींत कोणी तरी ‘ही ठेवावी’ असें म्हणावें लागतें. लिबरेटरच्या बाबतींत तें वेळेवर म्हटलें गेलें, म्हणून तें आज पाहावयास मिळतें.