मेंदूतला स्टेंट दरवेळी ‘ब्लॉकेज’साठी नसतो

“मेंदूत ब्लॉकेज निघालं, स्टेंट टाकला.” हे वाक्य ऐकलं की आधी रिपोर्ट मागावा लागतो. बरेचदा त्यात असतो ॲन्युरिझम, म्हणजे धमनीच्या कमकुवत भिंतीला आलेला फुगा. तिथे रक्त अडलेलं नसतं, नको तिथे शिरत असतं. हृदयातला स्टेंट अरुंद वाट रुंद करतो; इथे वाट मोकळीच असते. तरी ‘तेलकट सोडलं, कोलेस्टेरॉल उतरलं, आता स्टेंट कशाला?’ हा युक्तिवाद सुरूच. पथ्याने फुगा विरघळत नाही हो!

स्टेंट फुग्यात नव्हे, मूळ धमनीत फुग्याच्या तोंडासमोर बसतो. तोंड रुंद असेल तर आत भरलेल्या प्लॅटिनमच्या कॉइल धमनीत घसरू नयेत म्हणून तो आडोसा देतो. फ्लो डायव्हर्टर हा प्रकार वेगळा. ती बारीक तारांची दाट जाळी. 2011 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिलेल्या ‘पाइपलाइन’मध्ये अशा 48 तारा आहेत. जाळीमुळे रक्ताचा ओघ सरळ पुढे जातो, फुग्यातलं रक्त मंदावून गोठतं आणि हळूहळू जाळीवर धमनीचं अस्तर चढून तोंड बुजतं. त्याला महिने लागतात. ‘स्टेंट टाकला, फुगा गेला’ म्हणणाऱ्यांनी या जाळीच्या ‘पफ्स’ चाचणीचे आकडे पाहावेत: मोठ्या, अवघड फुग्यांपैकी सहा महिन्यांनी सुमारे 74 टक्के पूर्ण बंद झाले होते, वर्षाने सुमारे 87 टक्के.

या मधल्या काळातच लोक घोळ घालतात. दाढ काढायचीय, अंगावर निळे डाग पडतायत, म्हणून स्टेंटवर गुठळी होऊ नये यासाठी दिलेल्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या परस्पर बंद! अस्तर न चढलेल्या धातूवर गुठळी झाली तर पक्षाघात होऊ शकतो. गोळी थांबवायची का, हे स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. याच गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून फुटलेल्या फुग्यात डॉक्टर शक्यतो स्टेंट टाळतात.

बाकीचे समज थोडक्यात. कवटी उघडत नाहीत. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात. दिसला फुगा की टाक स्टेंट, असंही नाही: सुमारे 3 टक्के प्रौढांत न फुटलेला फुगा असतो, बहुतेकांचा कधीच फुटत नाही, आणि लहान फुग्यांवर पुष्कळदा नुसती स्कॅनने नजर ठेवतात. रोजची डोकेदुखी सहसा फुग्याची नसते. पण क्षणात आयुष्यात कधी दुखलं नव्हतं इतकं डोकं दुखलं, तर बाम चोळत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. आणि ‘आता एमआरआय कायमचा बंद’ हेही खोटं. आजच्या बहुतेक स्टेंटसह तो ठरावीक अटींवर करता येतो. इम्प्लांट कार्ड तेवढं सोबत न्या.