पाणी चढलेले पाते

रानात मुक्काम करायचा तर तंबूच्या खुंट्या तासायला, वाळल्या ओंडक्याच्या ढलप्या काढायला आणि वाटेतली घाणेरी तोडायला दणकट पाते लागते. कुऱ्हाड जड पडते, खिशातला चाकू अपुरा पडतो. या दोहोंमधली जागा भरणारी मोठी सुरी जगभरच्या लोहारांनी आपापल्या गरजेप्रमाणे घडवली. आज ती घराच्या गच्चीवर किंवा गॅरेजमध्ये बनवणारे हौशी कारागीरही आहेत. त्यांच्या कामाकडे पाहताना खरे-खोटे निवडायचे कसे, याचा हा आढावा.

दंतकथा आणि उपयोग

मोठ्या सुरीला प्रसिद्धी मिळाली ती भांडणातून. १८२७ साली मिसिसिपी नदीतल्या वाळूच्या दांड्यावर झालेल्या मारामारीने जेम्स बोवीची सुरी गाजली. १८३६ मध्ये तो अलामोच्या वेढ्यात मारला गेला आणि सुरीची दंतकथा झाली. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या कारखानदारांनी ‘बोवी नाइफ’ घडवून अमेरिकेत पाठवल्या आणि या दंतकथेवर चांगला धंदा केला.

जंगलात खरोखर राहणाऱ्यांचा कल मात्र वेगळा होता. ‘नेसमुक’ या नावाने लिहिणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स यांनी १८८४ च्या ‘वुडक्राफ्ट’मध्ये लहान कुऱ्हाड आणि पातळ पात्याची सुरी पसंत केली. १९०६ मध्ये होरेस केफर्ट यांनीही शिकारी सुऱ्यांच्या जाडजूड, दिखाऊ नमुन्यांवर टीका केली. त्यांचा आक्षेप आजही लागू आहे. पाते जाड ठेवले की मजबुती आल्यासारखी वाटते, पण ते लाकडात शिरत नाही, आदळते.

नेपाळची खुकुरी या कसोटीला उतरते. तिचे वजन पुढच्या बाकात असते, म्हणून घाव भारी बसतो. तिथले कामी लोहार ट्रकच्या कमानपाट्यातून पाते घडवतात आणि तापलेल्या धारेवर किटलीने पाण्याची धार सोडतात. त्यामुळे धार कडक होते आणि पाठ चिवट राहते. आपल्याकडचा कोयता त्याच कुळातला. कोकणात तो कमरेच्या आकडीला अडकतो, ऊसपट्ट्यात तोडणी कामगाराच्या हातात असतो. घिसाडी गावात पाल ठोकत, तेव्हा पुरुष सांडशीत लोखंड धरी आणि बाई घण घाली. कोणतेही पुस्तक न वाचता त्या जोडप्याला पाणी देण्याची, म्हणजे तापलेले पाते एकदम थंड करून कडक करण्याची, वेळ लोखंडाच्या रंगावरून कळत असे.

परीक्षा घेणारी संस्था

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाताने पाती घडवणारे मोजकेच उरले होते. बिल मोरन यांनी १९७३ मध्ये दमास्कस पोलादाच्या सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या आणि १९७६ मध्ये ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ उभी राहिली. तिची परीक्षा मोठ्या सुरीचीच आहे. पाते जास्तीत जास्त दहा इंच. एका फटक्यात लोंबता इंचभर जाडीचा दोर कापायचा, बांधकामाचे लाकूड दोनदा तोडायचे, मग त्याच धारेने हातावरचे केस भादरायचे आणि शेवटी पाते व्हाइसमध्ये धरून काटकोनात वाकवायचे. ते तुटता कामा नये. पात्याची चकाकी इथे कामाला येत नाही. धारेचा कडकपणा आणि पाठीचा चिवटपणा एकाच पोलादात साधला आहे का, हेच तपासले जाते.

घरच्या कारखान्यात

फ्लॅटमध्ये ऐरण वाजवता येत नाही. तिथे पट्टीतून पाते कोरून काढणे हाच सोयीचा मार्ग. भंगारातला कमानपाटा स्वस्त पडतो, पण त्यात न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. ५१६० सारखे ठरावीक दर्जाचे नवे स्प्रिंग पोलाद घ्यावे. त्यात सुमारे ०.६ टक्के कार्बन असतो, म्हणून ते कडक होऊनही मार सोसते.

मुठीपाशी पाच-सहा मिलिमीटर जाडी पुरते, आणि टोकाकडे ती निम्म्यावर यायला हवी. हा उतार काढायचे कष्ट टाळले की सुरी हातात पहारीसारखी बसते. पाते आणि मूठ जिथे जुळते तो कोपरा गोल ठेवावा, कारण टोकदार खाचेतूनच तडा सुरू होतो. कानसीने उतार काढताना धारेला साधारण मिलिमीटरभर जाडी राखावी. अगदी पातळ कड पाणी देताना वाकते.

मग भट्टी. पोलाद साधारण ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला चिकटायचे थांबते. त्यानंतर आणखी थोडे, ८३० च्या आसपास तापवून पाते कोमट तेलात बुडवावे. या पोलादाला साधे पाणी फार उग्र पडते. तेलाचे भांडे धातूचे हवे, झाकण हाताशी हवे आणि जवळपास प्लास्टिक नको. थंड पात्यावर कानस घसरली तर ते कडक झाले. पण आता ते काचेसारखे ठिसूळ आहे, म्हणून वेळ न दवडता घरच्या ओव्हनमध्ये सुमारे २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा भाजावे. कडकपणा रॉकवेल मापावर ५६ ते ५८ च्या आसपास आला की तोडकामाला ते योग्य. पुढे ग्राइंडरवर धार काढताना पाते वारंवार पाण्यात बुडवावे. धारेवर निळसर रंग चढला, तर तेवढी कड मऊ पडली असे समजावे. मास्क आणि चष्मा सक्तीचा.

मुठीला शिसव किंवा बाभूळ, पितळी रिव्हेट आणि वरून जवसाचे तेल. शेवट थोडा फुगीर ठेवला की घाम आलेल्या हातातून सुरी सुटत नाही.

कायदा आणि रान

शस्त्र नियम, २०१६ नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्यांना शस्त्रांच्या यादीत घेतात. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून वगळले आहे. परवान्याचे बंधन ठिकाणानुसार बदलते. शिबिरासाठी आठ-साडेआठ इंच पुरेसे असल्याने पाते त्या मर्यादेतच ठेवावे, विकायचा विचार असेल तर आधी पोलीस ठाण्यात चौकशी करावी आणि गर्दीच्या जागी ते कमरेला लावून मिरवू नये. रानात फक्त पडलेले वाळके लाकूड तोडावे, उभे झाड तोडू नये.

पहिली सुरी करू पाहणाऱ्याने आरशासारख्या पॉलिशवर आठवडे घालवू नयेत. तोच वेळ पाणी देण्याचा सराव करायला द्यावा, एखादे चाचणीचे पाते मुद्दाम वाकवून, मोडून पाहावे. तुटलेल्या कडेचे कण बारीक दिसले, तर मुख्य पाते भट्टीत घालायला हरकत नाही.