कुंडीतल्या नाजूक झाडांचा हिवाळा

पालघर, बोईसर आणि तारापूरच्या किनारपट्टीत गोठवणारी थंडी पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारण 15 अंशांच्या आसपास उतरते आणि दुपारी पुन्हा ऊन तापते. त्यामुळे कुंड्या घरात आणण्याची गरज सहसा पडत नाही. आत कोंडलेल्या झाडाला उजेड कमी पडतो आणि तेच नुकसान मोठे असते. जव्हार-मोखाड्याच्या उंचावर मात्र गारठा अधिक असतो. तिथे अँथुरियमसारखी झाडे रात्री भिंतीच्या आडोशाला ठेवावीत.

खरा धोका पाण्याचा. गारव्यात मुळांचे काम मंदावते आणि माती उशिरा वाळते. रोजच्या सवयीने पाणी घालत राहिल्यास मुळे कुजतात. अडेनियमची पाने या दिवसांत गळतात. ती पाहून घाबरून पाणी वाढवणे हीच सर्वांत घातक चूक. बोटाचे दोन पेर माती कोरडी लागल्यावरच पाणी द्यावे, तेही सकाळी. कॅलेडियमची पाने सुकली की कंद त्याच कुंडीत कोरडे ठेवावेत. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी सुरू केले की कोंब फुटतात.

खताच्या बाबतीत या काळात हात आखडता घ्यावा. मोगऱ्याला ही विश्रांती मानवते: हिवाळ्यात पाणी तोडून छाटणी केली की उन्हाळ्यात भरपूर कळ्या येतात. उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याने फर्नची टोके करपतात, म्हणून अशा कुंड्या एकत्र, दाटीने मांडाव्यात.