काडतुसं सात, बॉस दोन

१४२ मिनिटं! एवढ्यात आपले दोन सिनेमे उरकतील. पण रॉबर्ट ऑल्ड्रिचचा ‘द फ्लाइट ऑफ द फिनिक्स’ (१९६५) जरा धीर धरून बघाच.

सहाराच्या वाळवंटात विमान कोसळतं. पाणी मोजकं, खायला खजूर. वाचलेल्यांपैकी एक जर्मन डिझायनर सुचवतो, मोडक्या विमानातूनच नवं विमान बांधू! पायलट जेम्स स्टुअर्ट ते चक्क वेड्यात काढतो. खरा सिनेमा इथून सुरू होतो. अनुभव मोठा की गणित? हार्डी क्रूगरचा डिझायनर हुशार आहे, बरोबरही आहे, पण माणूस म्हणून असह्य. असा एक तरी तुमच्या ऑफिसात असेलच! दोघांना सांभाळताना बिचाऱ्या रिचर्ड ॲटनबरोची दमछाक होते. हाच पुढे १९८२ च्या ‘गांधी’चा दिग्दर्शक. शिवाय पीटर फिंच, अर्नेस्ट बोर्गनाइन आणि ऑस्कर नामांकन मिळवणारा इयान बॅनन.

मधला भाग रेंगाळतो, खरंय. २००४ चा रीमेक जवळपास अर्ध्या तासाने आटोपशीर आहे. पण त्यात तहानही आटोपशीर झाली. ओठ फुटायला वेळ लागतो, भांडण मुरायलाही. इथे तो वेळ मिळतो. म्हणूनच इंजिन सुरू करायला सातच काडतुसं आहेत हे कळल्यावर आपण प्रत्येक काडतूस मोजत बसतो.

ते उड्डाण फुकटचं नव्हतं. जुलै १९६५ मध्ये शूटिंगसाठी बांधलेलं विमान मोडून स्टंट पायलट पॉल मान्ट्झचा जीव गेला. शेवटी पडद्यावर त्याचं नाव येतं. तोवर टीव्ही बंद करू नका.